पुजारी तबेल्यात झोपतो

निवृत्त माणसाने काय करावे याबद्दल आपल्या समाजात बऱ्यापैकी एकमत आहे. सकाळी फिरायला जावे, दुपारी बँकेत जाऊन पासबुक भरून आणावे, संध्याकाळी कट्ट्यावर बसून देशाचे वाटोळे कोणी केले याचा निकाल लावावा आणि रात्री ज्ञानेश्वरी उघडून तिच्यावर डुलकी काढावी. यातले काहीही न करता एकाहत्तराव्या वर्षी मी भुयारात राक्षस मारत बसतो, ही बातमी आमच्या सोसायटीत पसरली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका सद्‌गृहस्थांनी मला जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "औषधं बदलली का हो अलीकडे?"

तर आधी खुलासा करतो. मला नव्या खेळांचा नाद नाही. नातू जे खेळतो ते नुसतं पाहूनच मला घेरी येते. माझं प्रेम १९८०च्या दशकातल्या जुन्या संगणकी खेळांवर. पडद्यावर चार पांढऱ्या रेघा उमटायच्या आणि ते भुयार आहे असं आपण समजून घ्यायचं. ज्यांनी लहानपणी दोन खुर्च्यांना आईचं लुगडं बांधून किल्ला केला आहे, त्यांना यात अडचण येत नाही. जुनं पत्रांचं बाड पुन्हा काढून वाचावं तसे हे खेळ मी गेले काही महिने पुन्हा खेळतो आहे, आणि मला काही मतं झाली आहेत. मतं झाली की ती दुसऱ्याला सांगावीशी वाटतात. कट्ट्यावर ऐकून घेणारं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

या खेळांत शिरण्याआधी एक प्रश्न विचारला जातो. तुमचा पेशा काय? लग्नाच्या बैठकीत मुलाला विचारतात तसा, आणि तितक्याच गांभीर्याने. लढवय्या, जादूगार, पुजारी की चोर? ही प्रथा संगणकाने पाडलेली नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद आणि फाशांचा खेळ काढला, त्यात पहिले तीन पेशे होते: लढवय्या, जादूगार आणि पुजारी. चोर १९७५ साली एका पुरवणीतून आत आला. चोर मागल्या दारानेच यायचा!

माझी आणि या मंडळींची गाठ पडली १९८८ साली. आमच्या कंपनीत तेव्हा पहिला पीसी आला होता. साहेबांच्या डोक्यावर पंखा होता, पण संगणकाला वातानुकूलित खोली होती. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळाचाच थाट, फरक एवढाच की इथून चपला चोरीला जात नसत. मी हिशेब खात्यात, त्यामुळे त्या गाभाऱ्याची किल्ली माझ्याकडे. त्याच सुमारास आमचे साडू अमेरिकेहून सुटीवर आले आणि येताना माझ्यासाठी अत्तराच्या बाटलीऐवजी दोन फ्लॉप्या घेऊन आले. खेळाचं नाव होतं 'विझर्ड्री'.

हा खेळ १९८१ सालचा. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला. गोष्ट साधी. एक माथेफिरू राजा, त्याचं ताईत पळवणारा एक दुष्ट जादूगार, आणि दहा मजली भुयार. राजाचं नाव ट्रेबॉर आणि जादूगाराचं वर्डना. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की रॉबर्ट आणि अँड्र्यू हातात सापडतात. प्रत्येक मजला वीस बाय वीस चौकोनांचा. नकाशा आपला आपण काढायचा. मी मुलाची भूमितीची आलेख-वही पळवली आणि हिशेबनिसाच्या सगळ्या निष्ठेने ती भरली. ताळेबंद इतका सुबक मी कधी काढला नाही.

भुयारात सहा जणांची टोळी घेऊन जायचं. नावं आपण द्यायची. मी पहिल्या लढवय्याला स्वतःचं नाव दिलं. दुसऱ्या लढवय्याला साहेबांचं, कारण पुढच्या ओळीत मार फार बसतो. जादूगाराला साडूंचं. चोराला आमच्या शिपायाचं. दुसऱ्या जादूगाराला चिरंजीवांचं. आणि पुजाऱ्याला सौभाग्यवतींचं.

आता मुळात सगळे पेशे सारखे आहेत, नुसती कामं वेगळी, असं कोणी म्हणेल. आमच्या कंपनीतही वार्षिक संमेलनात असंच म्हणत. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा.

लढवय्या म्हणजे आपल्याकडचा कर्ता पुरुष. त्याला फक्त एकच काम येतं. समोर आलेल्याला हाणणे. जखमा जास्त सोसतो, चिलखत जड घालतो, आणि घरातल्या पैशांतली सगळ्यात मोठी खरेदी त्याच्यासाठी होते. जादूगार म्हणजे परदेशी शिकलेला जावई. सुरुवातीला अगदी नाजूक. पहिल्या पातळीवर त्याला दिवसाला दोनच मंत्र म्हणता येतात. मग तो मागच्या ओळीत हात बांधून उभा. घुशीने चावा घेतला तरी गतप्राण. पण त्याला सांभाळावं लागतं, कारण पुढे मोठा झाला की एका मंत्रात अख्खा शत्रुपक्ष भाजून काढतो. चोर लढाईत निरुपयोगी. लढाई संपली की पेटी उघडायला त्याला बोलावतात. पेटीला विषारी सुई, स्फोट, काय काय लावलेलं असतं. उघडली तर "चला, काय निघालं बघू", बिघडली तर "याला साधी पेटी उघडता येत नाही!" आमच्या कंपनीत बंद कपाटं कशी उघडतात आणि कुठल्या फाइलला हात लावला की स्फोट होतो हे फक्त शिपायाला ठाऊक होतं. त्याची बढती शेवटपर्यंत झाली नाही.

याखेरीज चार उच्च पेशे आहेत. त्यांतला निंजा व्हायला सहाच्या सहा गुणांत किमान सतरा लागतात. जन्मतः मिळणारे जादा गुण बहुधा पाच ते दहा; क्वचित लॉटरी लागते. म्हणून लोक पात्र जन्माला घालत, गुण बघत, आणि पसंत नाही पडलं की पुसून टाकत. तासन्‌तास. मीही केलं. मेडिकलच्या प्रवेशासाठी गुण कमी पडलेल्या मुलांचे बाप तेव्हा माझ्याच शेजारी बसत होते, पण साम्य माझ्या लक्षात आलं नाही.

राहता राहिला पुजारी. टोळीत पुढच्या तिघांनाच तलवारीची लढाई लढता येते आणि तिघांनाच मार बसतो. लढवय्ये माझ्याकडे दोनच. तिसऱ्या जागी चोराला उभा केला तर तो मरतो आणि जादूगाराला केला तर लगेच मरतो. म्हणून पुजारी पुढे. म्हणजे त्याने लढायचं, मार खायचा, आणि लढता लढता दुसऱ्याच्या जखमाही भरायच्या. भुयारात अंधार झाला, उजेडाचा मंत्र पुजाऱ्याचा. पेटीला कोणता सापळा आहे हे ओळखण्याचाही मंत्र पुजाऱ्याकडे. एवढं करून धारदार तलवार त्याला वर्ज्य.

आणि आता सांगतो ती युक्ती हा खेळ खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. दमूनभागून गावात आलं की सराईत उतरायचं. तिथे राजेशाही दालनापासून खाटेपर्यंत सगळे दर आहेत, आणि तबेला फुकट. खोलीत आठवड्याच्या हिशेबाने जखमा भरतात, पैसे जातात आणि पात्राचं वयही वाढतं. तबेल्यात जखमा भरत नाहीत, पण मंत्र मात्र ताजे होतात. तेव्हा शहाणा खेळाडू काय करतो? एकट्या पुजाऱ्याला तबेल्यात झोपवतो. सकाळी उठवतो, त्याच्याकडून सगळ्यांच्या जखमा भरून घेतो, मंत्र संपले की पुन्हा तबेल्यात. खर्च शून्य. ही युक्ती साडूंनी मला दाखवली तेव्हा माझ्यातला हिशेबनीस हर्षाने उभा राहिला. मी रोज रात्री माझ्या बायकोच्या नावाच्या पुजाऱ्याला तबेल्यात झोपवत असे, आणि वाचलेल्या पैशांतून स्वतःसाठी चिलखत घेत असे.

हे सगळं संध्याकाळी सहानंतर, कंपनीच्या गाभाऱ्यात. घरी मी दहाला पोचायचो. "वर्षअखेर आहे," असं सांगायचो. वर्षअखेर त्या वर्षी ऑक्टोबरात सुरू झाली होती. त्याच महिन्यात चिरंजीवांना गोवर निघाला होता आणि आमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ताट झाकून ठेवलेलं असे.

चौथ्या मजल्यावर एका लढाईत पुजारी मेला. विझर्ड्रीत मेलेल्याला देवळात नेऊन जिवंत करता येतं, पण देणगी आधी मोजावी लागते. टोळीकडे पैसे होते, नाही असं नाही. पण त्यात एक तर पुजारी उठवता आला असता, नाही तर मी बरेच दिवस डोळा ठेवलेली तलवार घेता आली असती. मी विचार केला, तलवार घेतली की कमाई वाढेल; मग त्यातून पुजारी उठवू. व्यवहार म्हणून बिनतोड. आठवड्याने पैसे भरले. मंत्र फसला, पुजाऱ्याची राख झाली, देणगी परत मिळत नाही. पुन्हा दुप्पट भरले. पुन्हा फसला, आणि मग पडद्यावरून ते नाव कायमचं गेलं. हा खेळ घडलेलं सगळं तत्काळ फ्लॉपीवर लिहून ठेवतो. माफी नाही.

नवा पुजारी तयार करायला दोन मिनिटं लागतात. मी केला. तेच नाव दिलं, आणि तबेल्यात झोपवला.

पुढच्या मजल्यावर अख्खी टोळी मेली. पहिल्या पातळीचा नवखा पुजारी, त्याला काय झेपणार? पण तेव्हा मी दोष दिला तो खेळाला. 'पुजारी हा पेशा फार कमकुवत ठेवला आहे,' असं मी साडूंना पत्रात कळवल्याचं मला स्पष्ट आठवतं.

आज पुन्हा खेळताना मला त्या दोन विद्यार्थ्यांच्या हिशेबाचं कौतुक वाटतं ते एका गोष्टीसाठी. लढाई जिंकली की अनुभवाचे गुण जिवंत असलेल्या सगळ्यांत सारखे वाटले जातात. राक्षस कोणी मारला, हे यंत्र विचारत नाही. ज्याने नुसती पेटी उघडली किंवा जखम बांधली त्यालाही तेवढाच वाटा. चाळीस वर्षं मी पगारपत्रकं केली, पण इतकं न्याय्य वाटप एकाही कागदावर पाहिलं नाही. तबेल्याची युक्ती यंत्राने शिकवलेली नाही, ती आपली.

१९८५ साली दोन खेळ आले आणि त्यांनी पेशांचा विचार थोडा पुढे नेला. एक 'द बार्ड्‌स टेल'. त्यात बार्ड, म्हणजे आपला भाट किंवा शाहीर, हा टोळीतला मुख्य माणूस. तो गातो आणि सगळ्यांच्या अंगात बळ येतं. काही गाणी झाली की घसा बसतो, मग त्याला गुत्त्यात नेऊन पाजल्याशिवाय तो गात नाही. नाट्यसंगीताच्या मैफिली ज्यांनी भरवल्या आहेत त्यांना यात कल्पनेचा भाग फारसा दिसणार नाही. खेळ झकास, पण पेशा म्हणून हा विनोदच.

दुसरा 'अल्टिमा ४'. याचे कर्ते रिचर्ड गॅरियट. त्यांचे वडील ओवेन गॅरियट अंतराळवीर. १९७३ साली ते स्कायलॅबमध्ये राहून आले. होय, तीच स्कायलॅब, जी १९७९ साली आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून आपण सगळे आकाशाकडे बघत फिरत होतो. वडिलांनी आकाश पाहिलं, मुलाने मन पाहायचं ठरवलं. या खेळात मारायला कोणी महादुष्ट नाही. आठ सद्‌गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं, एवढंच. शब्द आपलाच, संस्कृत. आंधळ्या बाईकडून औषधी मुळ्या विकत घेताना किती पैसे दिले हे आपण सांगायचं. कमी दिले तर ती काही बोलत नाही. पण आपला प्रामाणिकपणा गुपचूप उतरतो.

इथे पेशा आपण निवडत नाही. सुरुवातीला एक जिप्सी बाई सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्‌गुण समोरासमोर उभे, एक निवडायचा. आठातून चार, चारातून दोन, दोनातून एक. उरेल तो तुमचा गुण आणि त्यावरून पेशा. शौर्य उरलं तर लढवय्या, दया उरली तर भाट, त्याग उरला तर कल्हईवाला. आणि नम्रता उरली तर मेंढपाळ. मेंढपाळ हा आठांतला सगळ्यात दुबळा. जादू येत नाही, ताकद नाही, आणि त्याचा आरंभ होतो एका उद्‌ध्वस्त, भुताटकीच्या गावापाशी, जे गर्वापायी नष्ट झालं. म्हणून जाणते लोक खोटी उत्तरं देऊन मेंढपाळ टाळतात.

१९९० साली मी हा खेळ पहिल्यांदा खेळलो तेव्हा प्रत्येक प्रश्नाला शौर्याच्या बाजूने उभा राहिलो आणि लढवय्या झालो. परवा पुन्हा उत्तरं दिली. या वेळी खरी. मेंढपाळ निघालो. म्हटलं, चूक असेल. तीनदा केलं. तिन्ही वेळा मेंढपाळ.

पण या खेळाची खरी गंमत पुढे कळते. शेवटच्या गुहेत उतरायचं तर उरलेल्या सातही पेशांचे सोबती बरोबर लागतात. दुबळा म्हणून कोणाला घरी ठेवता येत नाही. लढवय्या कितीही बलाढ्य असो, मेंढपाळ सोबत नसेल तर त्याची वाट तिथे संपते. आमचा नातू मला २०११ सालचा 'स्कायरिम' दाखवत होता. त्यात पेशा निवडावाच लागत नाही. एकच माणूस तलवार चालवतो, मंत्र म्हणतो, कुलपं उघडतो आणि स्वतःच्या जखमा स्वतः भरतो. "बघा आजोबा, कोणाची गरज नाही," तो म्हणाला. खेळ देखणा आहे. पण जुन्या खेळातल्या प्रत्येकात काहीतरी कमी होतं म्हणून ते सहा जण एकत्र होते. ही उणीव काढून टाकली की टोळीही जाते, आणि मग तबेल्यात झोपवलं गेलेलं कोणी उरत नाही तसं जिला उठवायला जावं असंही कोणी उरत नाही.

आता शेवटची गोष्ट. मेंढपाळ निघाल्याच्या त्राग्यात मी स्वयंपाकघरात गेलो. ही मेथी निवडत होती. म्हटलं, सात प्रश्नांची उत्तरं दे. माझी पैज तयार होती: त्याग, कल्हईवाला. तोही घरातल्या भांड्यांशी संबंधित.

पहिला प्रश्न वाचला. "तुझ्याकडे कोणीतरी न मोजलेल्या नाण्यांची पिशवी पोचवायला दिली आहे. वाटेत भिकारी भेटला. पिशवी जशीच्या तशी पोचवशील, की कोणाला कळणार नाही म्हणून एक नाणं त्याला देशील?"

"न मोजता पिशवी घेतलीच का?" ती म्हणाली.

हिशेब खात्यात चाळीस वर्षं काढून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"तसं उत्तर नाही. दोनांतलं एक."

"नाणं देईन. आणि दिलं म्हणून मालकाला सांगेन."

यंत्रात सांगण्याची सोय नव्हती. मी दया नोंदवली. असे सहा प्रश्न झाले. सातव्याला समोरासमोर उभे राहिले शौर्य आणि त्याग. मी मनात कल्हईवाल्याला हार घातला. तिने शौर्य निवडलं.

"अगं, नीट विचार कर. तू आयुष्यभर केलास तो त्यागच ना?"

"त्याग तुम्ही म्हणता," मेथीच्या काड्या बाजूला सारत ती म्हणाली. "मला कोणी विचारलं होतं का, करतेस का म्हणून? समोर आलं त्याच्याशी लढले. पोर तापाने फणफणलेलं, आईंच्या डोळ्यांवर पट्टी, आणि तुम्ही ऑफिसात भुतं मारताय."

"तुला माहीत होतं?"

"भाऊजींनी ताईला सांगितलं होतं, ताईने मला. तेव्हाच. एवढं वर्षअखेर ऑक्टोबरात कोणाचं असतं?"

मग मी सगळंच सांगितलं. तबेला, तलवार, राख, दोन मिनिटांत केलेला नवा पुजारी. सदतीस वर्षं पोटात ठेवलं होतं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तलवार तरी चांगली निघाली का?"

"नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि कढईखालचा गॅस लावला.

तेव्हा पेशांच्या तुलनेतला माझा निकाल असा. टोळीत सगळ्यात मोलाचा पेशा पुजाऱ्याचा, सगळ्यात अन्याय चोरावर झालेला, आणि सगळ्यात फुगवून सांगितलेला लढवय्याचा. फक्त एक दुरुस्ती. आपण ज्याला पुजारी समजून तबेल्यात झोपवतो तो मुळात पुढच्या ओळीत उभा असलेला लढवय्या असू शकतो, ही शक्यता प्रत्येकाने एकदा घरी जाऊन तपासून पाहावी.

२०२४ साली विझर्ड्रीची नवी आवृत्ती निघाली. कोपऱ्यात जुना १९८१चा पडदाही दिसतो, म्हणजे माझ्यासारख्यांना जीव रमवायला चार पांढऱ्या रेघा आहेतच. नातवाने ती मला घेऊन दिली. नवी टोळी केली आहे. लढवय्याला हिचं नाव दिलं, आणि गावात आलो की तिला राजेशाही दालनात उतरवतो. नातू ओरडतो, "आजोबा, पैसे वाया जातायत!" जाऊ देत. पुजारी या वेळी मी आहे. मी तबेल्यात झोपतो. थकबाकी बरीच आहे.